स्वयंपाकघर नवं करताना रंग कोणत्या क्रमाने ठरवावेत

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी शेडकार्ड येतं. अबोली की बदामी यावर चर्चा होते, एक रंग पक्का होतो, आणि मग ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉलीचं लॅमिनेट असं एकेक दुकान फिरताना प्रत्येक ठिकाणी त्या रंगाशी जुळवून घेण्याची कसरत सुरू होते. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा करावा. भिंतीचा रंग मशीनवर हव्या त्या छटेत बनवून मिळतो. ग्रॅनाइटचे आपल्या खर्चात बसणारे प्रकार मोजकेच असतात, आणि जमिनीवरची फरशी तर बहुतेकांना बदलायचीच नसते. जिथे पर्याय कमी, ते आधी ठरवा. भिंतीचा रंग अगदी शेवटी.

पुण्या-मुंबईच्या किंवा ठाणे-नाशिकच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमधलं नेहमीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहिते आहे. एका भिंतीवरून दुसरीकडे वळलेला ओटा, काळा ग्रॅनाइट, बिल्डरने घातलेली आयव्हरी व्हिट्रिफाइड फरशी, ड्राय बाल्कनीत किंवा डक्टमध्ये उघडणारी खिडकी, आणि डॅडोमध्ये, म्हणजे ओट्यामागच्या टाइलच्या पट्टीत, मधूनच फळांच्या परडीचं चित्र असलेली टाइल. तुमचं घर वेगळं असलं तरी क्रम हाच राहील.

आधी राहणाऱ्या गोष्टींची यादी करा

कागद घेऊन लिहा: काय बदलणार नाही? फरशी, दरवाजाची चौकट, खिडकीचं ॲल्युमिनियम, फ्रीज, कधीकधी ओटाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नसेल तर हॉलचा सोफा आणि पडदेसुद्धा या यादीत येतात.

आता या प्रत्येक वस्तूशेजारी छापायचा कोरा पांढरा कागद धरा. ‘पांढरी’ म्हणून ओळखली जाणारी फरशी त्या कागदाशेजारी पिवळसर दिसते, की गुलाबीसर, की राखाडी, ते लगेच कळतं. हा आतला झुकाव ओळखणं हे सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे. आयव्हरी फरशी पिवळ्याकडे झुकलेली असते. तिच्यावर निळसर राखाडी ट्रॉली उभी केली की फरशी मळकी दिसायला लागते, आणि ती कितीही पुसली तरी तशीच दिसते. तिथे शुभ्र पांढरा रंगही तोच घोटाळा करतो. मोतिया, श्रीखंडी, बदामी, शेवाळी, विटकरी हे रंग त्याच फरशीवर छान बसतात, कारण त्या सगळ्यांच्या पोटात थोडा पिवळा असतो. फरशी खरोखरच थंड राखाडी असेल तर निळे, करडे, शुभ्र रंग निर्धास्त घ्या.

मग उजेड बघा

सुट्टीच्या दिवशी सकाळी, भर दुपारी, चार-पाचच्या सुमाराला आणि रात्री दिवे लावून स्वयंपाकघरात दोन-दोन मिनिटं उभं राहा. आग्नेयेला किंवा पूर्वेला खिडकी असेल तर सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं आणि दहा-अकरानंतर खोली सावलीत जाते. पश्चिमेच्या स्वयंपाकघरात संध्याकाळचं तांबूस ऊन आत येतं. आधीच तापलेल्या या खोलीत केशरी, लाल भिंती आणखी उकडल्यासारख्या वाटतात. तिथे फिकट हिरवा किंवा निळसर करडा बरा. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे ते जुलैच्या दरम्यान भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला झुकतो खरा, पण त्यातला बराचसा काळ ढगातच जातो. असा उजेड थंड आणि स्थिर असतो. त्यात राखाडी रंग उदास दिसतात, बदामी आणि फिकट हळदी रंग खुलतात.

खिडकीसमोर काय आहे तेही बघा. समोर आंब्याचं झाड असेल तर आत येणारा उजेड हिरवट असतो. समोरच्या इमारतीची भिंत विटकरी असेल तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर तिची झाक पडणारच.

स्वयंपाकाचे दोन मोठे वेळ बऱ्याच घरांत पहाटे आणि रात्री असतात. म्हणजे रंग बघितले जातात ते मुख्यतः दिव्यांखाली. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास समतोल पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ‘व्हाइट’ म्हणून मिळणारे दिवे बहुधा ६५०० चे असतात आणि त्यांच्याखाली क्रीम, अबोली, बदामी हे उबदार रंग फिके, आजारी दिसतात. स्वयंपाकघरासाठी ४००० चे दिवे घ्या, आणि छताचा, चिमणीचा, वरच्या कपाटाखालच्या पट्टीचा असे सगळे दिवे एकाच आकड्याचे ठेवा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला असेल तर थोडे पैसे जास्त द्या. भाजी नीट परतली गेली की करपली, दूध नासलं की ठीक आहे, हे त्या उजेडात खरं दिसतं. दिवे आधी बदला आणि रंगांचे नमुने त्याखालीच बघा. रंग ठरल्यावर दिवे बदलले तर तो रंगच बदलतो.

ओट्याचा दगड

रंग ठरवताना आपल्या स्वयंपाकाचा विचार व्हायला हवा, आणि तो सगळ्यात जास्त इथे. आपल्याकडे रोज हळद सांडते, तेलाची फोडणी उडते, कणीक मळली जाते, लिंबू-चिंच-आमसुलाचं पाणी ओट्यावर येतं, आणि बोअरचं पाणी असेल तर ते वाळल्यावर पांढरे डाग ठेवून जातं.

काळा ग्रॅनाइट हळद आणि तेल लपवतो. पीठ, सांडलेलं दूध आणि क्षारांचे पांढरे डाग मात्र तो ठळकपणे दाखवतो. ज्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे आरशासारखा काळा ओटा रोज कोरडा पुसायची तयारी हवी. पांढरा क्वार्ट्झ दुकानात फार देखणा दिसतो. हळद सांडली आणि लगेच पुसली नाही तर त्यावर पिवळी झाक राहू शकते. शिवाय त्यात दगडाच्या भुग्याबरोबर रेझिन असल्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई किंवा कुकर थेट ठेवला तर तिथला रंग कायमचा बदलू शकतो. ज्या घरात कुकर उतरवून ओट्यावरच ठेवायची सवय आहे, तिथे ग्रॅनाइटच घ्यावा. पांढरा संगमरवर ओट्याला नको. लिंबाचा थेंबसुद्धा त्याची चमक खातो. जुन्या घरांतला कडप्पाही चुनखडीच्याच जातीचा, म्हणून आंबट पदार्थांनी तो निस्तेज होतो.

रोजच्या वापरात सर्वांत कमी त्रास देणारा ओटा म्हणजे मध्यम गडद, ठिपक्यांचा ग्रॅनाइट: करडा, करडा-काळा किंवा टॅन ब्राउनसारखा तपकिरी. पीठही दिसत नाही, डागही दिसत नाहीत. आयव्हरी फरशी असेल तर तपकिरी झाक, थंड फरशी असेल तर करडी. छायाचित्रात हा दगड फारसा उठून दिसत नाही, पण दहा वर्षं त्यावर पोळ्या लाटायच्या असतील तर मी तोच घ्यायला सांगेन.

दगड निवडायला यार्डात जाताना फरशीचा एखादा सुटा तुकडा बरोबर न्या. लाद्या तिथे उन्हात उभ्या केलेल्या असतात आणि अनेकदा पाणी मारून चमकवलेल्या असतात. कोरडी करून, सावलीत, शक्य असेल तर तुकडा आडवा ठेवून बघा. गडद काळ्या दगडाला कधीकधी वरून रंग चढवलेला असतो. पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन लादीच्या कोपऱ्यावर जोरात घासा, कापड काळं झालं तर ती लादी नको. फिकट दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. तिथे ओलसर काळपट खूण उमटली तर दगड पाणी शोषतो आहे, म्हणजे उद्या तेलही शोषेल. तो घ्यायचाच असेल तर सीलर लावावा लागेल.

वास्तूचा विचार करणाऱ्या घरांत काळा ओटा नको, हिरवा हवा, असा सल्ला मिळतो. घरातल्या मोठ्यांच्या मनात तसं असेल तर हिरव्या झाकेचा ग्रॅनाइट हा चांगलाच पर्याय आहे. शेवाळी आणि मोतिया रंगांशी तो सुंदर जुळतो.

ट्रॉली आणि कपाटं

दगड पक्का झाला की त्याचा तुकडा मागून घ्या. हा तुकडा आणि फरशीचा तुकडा यापुढे प्रत्येक दुकानात तुमच्याबरोबर जाईल.

खाली गडद, वर फिकट हा साधा नियम लहान स्वयंपाकघरांत फार उपयोगी पडतो. ओट्याखालच्या ट्रॉलींना पाय लागतात, पाणी उडतं, फडक्याचे ओघळ येतात. डोळ्यांच्या उंचीवरची कपाटं आणि त्यावरचा लॉफ्ट गडद केला तर खोली अंगावर येते. लॉफ्टची दारं भिंतीच्या रंगाची केली तर तो दिसेनासा होतो. आठ-नऊ फुटी उंचीच्या खोलीत हा एक बदल मोठा फरक करतो.

छटेइतकाच पृष्ठभाग महत्त्वाचा. चकचकीत ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतात, पण ते पुसायला सोपं. अगदी मॅट आणि गडद लॅमिनेट, म्हणजे गर्द निळं किंवा काळपट करडं, दुकानात राजेशाही दिसतं. तेलकट हाताने हँडल ओढलं की त्यावर उमटणारी चकाकणारी खूण मात्र सहज जात नाही. मध्यम छटेचं, हलक्या पोताचं लॅमिनेट रोजच्या वापराला सर्वांत सोसवतं. लाकडाच्या नक्षीचं घेणार असाल तर त्या लाकडाचा झुकाव कागदाशेजारी धरून तपासा. लालसर सागवानी आणि राखाडी ओक एकाच खोलीत आले की दोन्ही परके वाटतात. घरात जुनं सागवानी देवघर किंवा चौकट असेल तर लॅमिनेटचं लाकूड तिच्याशी स्पर्धा करणारं नको. तिथे सपाट रंग घ्या.

फोल्डरमधला तळहाताएवढा तुकडा बघून ऑर्डर देऊ नका. पूर्ण ८ बाय ४ फुटांची शीट दुकानदाराला उभी करून दाखवायला सांगा. बिलावर रंगाचा कोड आणि फिनिश दोन्ही लिहून घ्या, कारण एकच कोड दोन-तीन पृष्ठभागांत मिळतो. एज बँड, म्हणजे दाराच्या कडेला लावायची पट्टी, त्याच रंगाची आहे ना, हे कारागिराला आधीच विचारा. फिकट दाराला गडद कड दिली तर प्रत्येक फट रेघ मारल्यासारखी दिसते.

आतून मात्र सगळं फिकट ठेवा, पांढरं किंवा क्रीम. गडद आतल्या कपाटात झुरळं दिसत नाहीत, सांडलेली साखर दिसत नाही, आणि मागे गेलेला डबा शोधायला टॉर्च लागतो.

डॅडो आणि त्यामधल्या रेघा

ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची साधारण दोन फूट उंचीची ही पट्टी. ओटा एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ५ फूट असेल तर १३ गुणिले २, म्हणजे २६ चौरस फूट. १ बाय २ फुटांच्या टाइल लावल्या तर १३, आणि कापणी-तुटीसाठी दोन-तीन जास्त. क्षेत्र इतकं लहान आहे की थोडी महाग टाइल परवडते, आणि नजर तर सतत तिच्यावरच असते.

ओट्याचा दगड ठिपक्यांचा किंवा शिरांचा असेल तर टाइल सपाट एकरंगी घ्या. दगड सपाट काळा असेल तर टाइलवर नक्षी चालेल. दोन्हीकडे नक्षी झाली की त्या पसाऱ्यात हळदीचा डबासुद्धा सापडत नाही. गॅसच्या मागे खडबडीत, दगडी पोताची टाइल नको. फोडणीचं तेल त्या खोलगटांत बसतं आणि धूळ धरून तपकिरी होतं. चकचकीत किंवा साटन पृष्ठभाग घ्या. क्रीम, फिकट हळदी, बदामी, मातकट या छटांवर हळदीचे शिंतोडे दिसत नाहीत. शुभ्र आणि निळसर छटांवर दुरूनही दिसतात.

रेघांकडे, म्हणजे ग्राउटकडे, बहुतेकांचं लक्षच जात नाही. पांढरा सिमेंट ग्राउट भरला तर गॅसमागच्या रेघा लवकरच पिवळ्या पडतात, आणि मग टाइल कितीही चांगली असो, भिंत जुनी दिसते. टाइलपेक्षा एक छटा गडद ग्राउट घ्या: बिस्किट, मातकट, फिकट करडा. बजेट असेल तर तिथे एपॉक्सी ग्राउट भरा, तो तेल-पाणी शोषत नाही. ओटा आणि टाइल जिथे भेटतात तिथला सिलिकॉनही पांढरा नको, दगडाच्या रंगाचा मागा.

टाइलच्या सगळ्या खोक्यांवर छापलेला शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच तपासा. लावल्यावर फरक दिसला तर फार उशीर झालेला असतो.

आता भिंत

इथपर्यंत आलात की भिंतीचा रंग जवळजवळ आपोआप ठरतो, कारण उघडी भिंत फार थोडी उरते. तरी शेडकार्डवरून थेट पक्का करू नका. लहान चौकोनातला रंग चार भिंतींवर गेला की जास्त गडद आणि भडक वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. आवडलेल्या रंगाच्या पट्टीवर एक पायरी फिकट उतरा.

दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा. दोन फुटी पांढऱ्या कार्डबोर्डवर प्रत्येकीचे दोन हात मारा, कडेने बोटभर पांढरी जागा सोडा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. मग ते बोर्ड दगड, लॅमिनेट आणि टाइलच्या तुकड्यांशेजारी, खिडकीजवळ, कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली, असे फिरवत दोन-तीन दिवस बघा. जुन्या भिंतीवरच पट्टे मारले तर मागचा रंग डोळ्यांना फसवतो, म्हणून बोर्डच बरा. काही शेडकार्डांवर छटेशेजारी एलआरव्हीचा आकडा असतो: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा, मधला आकडा ती छटा किती उजेड परत फेकते ते सांगतो. डक्टमध्ये खिडकी असलेल्या खोलीत हा आकडा ७० च्या आसपास किंवा वर असू द्या.

डिस्टेंपर स्वयंपाकघरात नको, ते पुसताना निघतं. धुता येणारं, हलक्या चमकेचं इमल्शन घ्या. ऑइल पेंटचा पांढरा रंग उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात काही वर्षांत पिवळा पडतो. कोकणात किंवा गळक्या बाहेरच्या भिंतीवर आधी ओल थांबवा. ओलसर भिंतीवर कोणताही रंग पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि त्यावर काळी बुरशी येते.

स्वयंपाक करणाऱ्याचे डोळे

घरात साठीच्या पुढचं कोणी स्वयंपाक करत असेल तर हे नक्की वाचा. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि चमक जास्त त्रास देते. करड्या चमकदार ओट्यावर स्टीलची सुरी आणि स्टीलचं पातेलं हरवतं. ओट्याची कड आणि खालची ट्रॉली यांच्यात, तसंच ट्रॉली आणि फरशी यांच्यात स्पष्ट फरक ठेवा. काळा आरशी ओटा असेल तर वरची ट्यूब त्यात दिसते आणि डोळ्यांवर येते. दिवा पुढे किंवा कपाटाखाली सरकवून ती टाळता येते. निवडीच्या वेळी आईला, सासूबाईंना किंवा जे कोणी रोज गॅससमोर उभे राहतात त्यांना दुकानात बरोबर न्या आणि शेवटचा शब्द त्यांचा असू द्या.

काही जुळणाऱ्या जोड्या

आयव्हरी फरशी आणि काळा ओटा तसाच ठेवायचा असेल तर: खाली शेवाळी ट्रॉली, वर मोतिया कपाटं, क्रीम चकचकीत डॅडो, बिस्किट ग्राउट, फिकट बदामी भिंत. पितळी भांडी उघड्या फळीवर ठेवणार असाल तर ती या रंगांत फार शोभतात.

अंधाऱ्या डक्टच्या स्वयंपाकघरात खाली फिकट लाकडी, वर आणि लॉफ्टला भिंतीचाच मोतिया, आणि रंगाची हौस एकाच ठिकाणी: मांडणीची पाठ किंवा दार, कैरीच्या पोपटी किंवा अंजिरी रंगात. गडद आवडता रंग असा एका हातभर जागेत ठेवला की नंतर कंटाळा आला तर एका दुपारी बदलता येतो.

कोकण-गोव्याकडच्या जुन्या घरात लाल कोबा असेल तर तो जपा. त्याची तांबूस झाक भिंतींवर चढते, म्हणून भिंतीला किंचित हिरवट पांढरा द्या, आणि लाकडी दारांना मोरपंखी. लाल आणि मोरपंखी एकमेकांना उठाव देतात, आणि पावसाळ्याच्या काळोख्या दिवसांतही ते घर प्रसन्न दिसतं.

काम चालू असताना

वायरिंग आणि नळाचं काम, मग ओटा, मग डॅडो, मग भिंतीला पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. ट्रॉली आणि कपाटं बसवताना भिंतीला खरचटतंच, म्हणून शेवटचा हात त्यानंतर मारायचं पेंटरशी आधीच ठरवून घ्या. रंग एकदम, एकाच दुकानातून, पुरेसा मिसळून आणा. पुन्हा मिसळलेल्या डब्यात थोडा फरक येऊ शकतो, तो निदान भिंतीच्या मध्यावर दिसू नये म्हणून नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करायला सांगा.

उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा, दोन-चार टाइल लॉफ्टवर टाका, आणि सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: भिंतीच्या रंगाचा कोड, लॅमिनेटचा कोड आणि फिनिश, टाइलचा शेड क्रमांक, ग्राउटचं नाव, दुकानांची बिलं कुठे आहेत ते. पुढे चिमणीची दुरुस्ती निघाली किंवा एखादी टाइल फुटली, तर हा कागद दाखवला की कारागीर त्याच दिवशी सामान आणू शकतो.